आठ माणसं, एक शनिवार आणि अख्खा बस्ता : दादर ते मंगळदास केस स्टडी

केस तशी साधी आहे. सोलापूरची मंडळी लग्नाच्या बस्त्यासाठी एका दिवसाकरता मुंबईत आली, सकाळी सिद्धेश्वर एक्सप्रेसनं उतरली आणि रात्री सिद्धेश्वरनंच परत जायचं होतं, मधल्या वेळात दादर, जेवण आणि मग क्रॉफर्ड-मंगळदास हे बाजार. भांडण झालं नाही, पाकीट मारलं नाही, कुणी हरवलं नाही, तरी दुपारी तीन वाजता निम्मी माणसं अशी बसलेली की आता उठा म्हणायची कुणाची हिंमत नाही. आणि गंमत अशी की जिनं सकाळपासून साड्या अंगावर टाकून टाकून बघितल्या ती नवरी एकदम फ्रेश, आणि ज्यांनी एक रुमाल सुद्धा घेतला नाही त्यांचे पाय सुजलेले. हे असं का होतं ते मला नीट बघायचं होतं म्हणून हे लांबलचक लिहितेय, लग्नसराई आहे, बऱ्याच घरांत हा दिवस यायचाच आहे.

माणसं कोण कोण

मावशी, म्हणजे नवरीची आई, यादी आणि पैसे दोन्ही तिच्या पर्समध्ये. काका, नव्वदच्या दशकात काही वर्षं मुंबईत नोकरीला होते त्यामुळे "दादर मला पाठ आहे" हे वाक्य दिवसभर ऐकायला मिळालं. आजी, काकांच्या आई, पंचाहत्तरी ओलांडलेली, गुडघे गेलेले, आणि शनिवारचा मारुतीचा उपवास. नवरी. वहिनी आणि तिचं चार वर्षांचं पिल्लू. नणंदबाई, म्हणजे नवरदेवाची मोठी बहीण, बोरिवलीला असते, "मी काही बघायला वगैरे नाही येत हो, सहज भेट होईल" असं म्हणून आलेली. आणि मी, मुलुंडची, कारण मुंबईत आपलं माणूस असलं की त्याला गाईड धरायचं हा घरचा नियमच आहे.

सोलापूरच्या माणसांनी कपडे घ्यायला मुंबईला यावं हाच मुळात एक विनोद आहे, ज्या गावाच्या चादरीला जीआय टॅग मिळालाय तिथली माणसं दादरला येऊन टॉवेलचा भाव विचारतायत. काका एका दुकानात "ओरिजिनल सोलापुरी चादर आहे साहेब" हे ऐकून असे काही फुलले की पाच मिनिटं त्या पोराची परीक्षा घेत होते, कुठल्या पेठेतला माल, सूत कुठलं, ते पोरगं बिचारं शेवटी म्हणालं काका तुम्हीच बसा इकडं. पण "बस्ता मुंबईला काढला" याला पाहुण्यांत जो भाव आहे तो आहेच, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

शनिवार का, तर दादरला बऱ्याच दुकानांना सोमवारी सुट्टी असते आणि मंगळदास रविवारी बंद, त्यात रविवारी मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी लोकल बंद नाहीतर उशिरा. दोन्ही बाजार एका दिवसात करायचे तर शनिवार बरा पडतो. इथवर प्लॅन बरोबर होता. मी आधीच फॅमिली ग्रुपवर टाकलं होतं की दोन पार्ट्या करूया, एक नवरीच्या साड्यांची आणि एक देण्याघेण्याची. त्यावर सगळ्यांनी अंगठे दिले. अंगठा म्हणजे वाचलं एवढंच.

सकाळ

ठाण्याला गाडीतून उतरून मंडळी मुलुंडला घरी, आंघोळी, पोहे, चहा, आणि निघेपर्यंत साडेदहा. दादरची दुकानं त्याच सुमारास उघडतात म्हणजे खरं तर वेळेत होतो, पण पहिला अर्धा तास स्टेशनवरच गेला. झालं असं की काकांनी नणंदबाईंना फोनवर जुन्या हिशोबानं प्लॅटफॉर्म नंबर सांगून टाकला, "सेंट्रलच्या तीन नंबरवर थांबतो आम्ही". डिसेंबर २०२३ पासून दादरचे नंबर बदललेत, १ ते ७ फक्त वेस्टर्न रेल्वेचे आणि सेंट्रल रेल्वेचे ८ ते १४, आता सेंट्रलला तीन नंबर शिल्लकच नाही. नणंदबाई बोरिवलीहून वेस्टर्ननं आल्या, तीन नंबर म्हणल्यावर त्या तिथं वेस्टर्नच्या तीनवर उभ्या, आणि आम्ही सगळे पलीकडे. फोनवर दोघंही "मी तिथंच आहे" म्हणतायत आणि दोघंही आपल्या जागी बरोबर. काका म्हणे "दादर कधी बदललं?" आणि या सगळ्यात आजी जिन्याजवळ उभ्या, कारण बाकड्यावर जागा नाही. दिवसाचा पहिला अर्धा तास उभं राहण्यात गेला तो आजींचा, आणि त्यांचा कुठल्याच प्लॅटफॉर्मशी काही संबंध नव्हता.

बाहेर आल्यावर वहिनी म्हणाली रिक्षा कर की गं, पिल्लू चालत नाही. दादरला रिक्षा नसतात, वांद्रे आणि सायनच्या दक्षिणेला रिक्षाला परवानगीच नाही, फक्त टॅक्सी. आणि काळ्यापिवळ्या टॅक्सीत चार माणसं. आठ जणांत म्हणजे दोन टॅक्स्या, त्यातही कोण कुणाबरोबर बसणार, पैसे कुणी द्यायचे, पहिली टॅक्सी पोचली तर कुठं थांबायचं. भाडं बघायला गेलं तर फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये, म्हणजे काही नाहीच. अडचण पैशाची नव्हतीच, आठ माणसांचा एक गोळा करून हलवणं हीच अडचण. शेवटी चालत.

साडीचं दुकान

इथं जरा थांबते कारण खरी केस इथंच आहे.

रानडे रोडच्या बाजूला एक मोठं दुकान, आत पांढऱ्या गाद्या, चपला काढून बसायचं. आजींना खाली बसता येत नाही म्हणून स्टूल दिलं, त्याला पाठ नाही. सेल्समन पन्नाशीचा, गळ्यात टेप, एका झटक्यात साडी उलगडून पदर स्वतःच्या खांद्यावर टाकायचा आणि बोटांत निऱ्या पकडून दाखवायचा, इतकं सफाईदार की नवरीपेक्षा त्यालाच साडी जास्त शोभत होती. त्यानं आधी विचारलं नवरी कोण, मग आई कोण, आणि पाचेक मिनिटांत त्याला कळलं की नवरी बघते आईकडं, आई बघते नणंदबाईंकडं. त्यानंतर तो सरळ नणंदबाईंच्या समोर तोंड करून बसला आणि साड्या त्यांनाच दाखवायला लागला. बाई म्हणतायत "नाही नाही, तिला आवडेल ते घ्या", आणि चेहरा असा की ते घेऊ नका.

मावशीला पैठणी घ्यायची होती पण बजेटमध्ये. हातमागावरची पैठणी विणायला काही आठवडे, नक्षी भरगच्च असली तर काही महिने सुद्धा जातात, त्यामुळे तिची किंमत कुठं जाते ते वेगळं सांगायला नको. मावशीनं आल्या आल्या पदर उलटा केला, मागं तुटके सुटे धागे दिसले, "सेमी आहे ना?" सेल्समन पण प्रामाणिक, हो म्हणाला, यंत्रमागाची आहे, हातमागाची पदराला दोन्हीकडून सारखी दिसते, ती वरच्या मजल्यावर आहे, काढू का. वरच्या मजल्याचे दर ऐकून काकांनी पिल्लूला घेऊन बाहेर चक्कर मारायला जायचं ठरवलं.

मग एक मोरपंखी आवडली. सगळ्यांना आवडली म्हणजे कुणी नाही म्हणालं नाही. तेवढ्यात नणंदबाई म्हणाल्या आईला जरा व्हिडिओ कॉलवर दाखवते. कॉल लागला. फोनवर ती साडी हिरवी दिसायला लागली, दुकानाच्या पांढऱ्या लाइटखाली निळी, पलीकडनं नवरदेवाची आई म्हणतायत "हिरवी नको, हिरवी आपण चुड्याबरोबर घेतोय", इकडनं सगळे एका सुरात "हिरवी नाहीये हो". सेल्समननं हे रोज बघितलेलं असणार, तो न बोलता साडी उचलून दाराशी गेला, फुटपाथवरच्या उन्हात दोन हातांनी उंच धरली, मागं हॉर्न, गर्दी, आणि दारातला क्लिपा विकणारा पोरगा वर बघून म्हणाला "मस्त आहे, घेऊन टाका". उन्हात ती तिसऱ्याच रंगाची. परत कॉल. परत लाइट. त्याऐवजी मग एक डाळिंबी काढली जी कुणालाच विशेष आवडली नव्हती पण कुणाला खटकली पण नव्हती, आणि ती फायनल झाली.

हे सगळं होईपर्यंत दुपारचा एक वाजून गेला. या दोनेक तासांत काम किती जणांना होतं? नवरी, मावशी, आणि फार तर नणंदबाई. बाकीचे काय करत होते तर थांबत होते. आजी पाठ न टेकता स्टुलावर, वहिनी पिल्लूच्या मागे गाद्यांवरनं, मी सगळ्यांच्या पर्सा धरून. आणि थांबणाऱ्याला मोकळं सोडत पण नाहीत, दर पाच मिनिटांनी "तुला कशी वाटतेय गं?" म्हणजे उठून चक्कर मारता येत नाही, मोबाईल बघितला तर तोंडं वाकडी, आणि मत दिलं तर ते धरायचं नाही. चालण्यानं पाय दुखतात ते बसल्यावर बरे होतात. ह्या असल्या थांबण्यानं माणूस जो पिळून निघतो त्याला बसून पण आराम नाही, कारण बसूनच तर दमलाय.

पाण्याची गोष्ट

ही कुणी प्लॅनमध्ये धरत नाही म्हणून वेगळी लिहितेय. साडेबाराच्या सुमारास आजींचं डोकं दुखायला लागलं. मावशीला वाटलं उपवासाचं आहे. मी विचारलं पाणी किती प्यायलात, तर घरनं निघाल्यापासून घोटभर पण नाही. का, तर "मग जायला लागतं गं, कुठं जायचं?" वहिनीचं पण तेच. नवरीचं पण तेच. बाजारात बायका पाणी पीत नाहीत हे सगळ्या बायकांना माहिती असतं आणि कुठल्याच बाईच्या नवऱ्याला माहिती नसतं. दुकानात विचारलं की बहुतेक ठिकाणी "नाहीये" किंवा "स्टाफचं आहे", स्टेशनजवळचं पैसे देऊन वापरायचं शौचालय आहे पण तिथवर गर्दीतनं परत जायचं. उरतं काय तर मॉल किंवा हॉटेल. म्हणजे जेवणाची वेळ ही नुसती भुकेची वेळ नसते, ती बायकांची तीपण वेळ असते, आणि ती जितकी पुढं ढकलाल तितकी डोकी जास्त दुखणार. सरळ हिशोब आहे. मी आजींना कोपऱ्यावरच्या मॉलमध्ये घेऊन गेले, आल्यावर त्यांनी अख्खी बाटली पाणी संपवलं आणि थोड्या वेळात डोकं उतरलं. उपवासाचा काही संबंध नव्हता.

खाण्याचा क्रम

बारा वाजता काका पिल्लूला घेऊन गेले ते वडापाव घेऊन आले. वडापाव दादर स्टेशनबाहेरच १९६६ साली अशोक वैद्यांनी सुरू केला असं सांगतात आणि काकांचं म्हणणं की इथं येऊन तो खाल्ला नाही तर काय केलं. बरोबर आहे. पण दुकानात आत खाऊ देत नाहीत, गादीवर तेलाचा डाग पडला तर साडीची किंमत आपल्याकडनं, म्हणून एकेकानं बाहेर जायचं, फुटपाथवर उभं राहून खायचं, हात पुसून परत आत यायचं. प्रत्येक वेळी निर्णय थांबलेला कारण जी बाहेर गेलीय तिला विचारायचंय. आणि वडापाव खाल्ल्यामुळे दीडला निम्म्यांना भूक नाही, आणि उपवासवाल्या आजी आणि वरण-भात मागणारं पिल्लू दोघं कळवळलेले.

वहिनीच्या यादीत आस्वाद हॉटेल होतं, २०१५ साली त्यांच्या मिसळीला जगातली सगळ्यात चविष्ट शाकाहारी डिश म्हणून पुरस्कार मिळालेला ते तिनं रीलमध्ये बघितलेलं. पण तिथवर आजींना चालवणं शक्य नव्हतं म्हणून जवळच्याच एका हॉटेलात गेलो. शनिवार, दुपारचे दीड, बाहेर वहीत नाव लिहून उभं राहायचं, आणि आठ जणांचं टेबल असलं काही तिथं नसतंच. दोन टेबलं एकदम रिकामी व्हायची वाट बघत पाऊण तास. मी म्हणलं चार-चार बसूया, जे आधी मिळेल ते आजींना. तर "असं कसं, एकत्र जेवू की". एकत्र जेवायच्या नादात सगळे एकत्र उपाशी.

जेवताना मात्र मजा आली हे मान्य. आजींची साबुदाणा खिचडी, वहिनीची मिसळ, थालीपीठ, कोथिंबीर वडी, पियुष. काकांनी मिसळीचा पहिला घास घेतला आणि वेटरला म्हणाले "ह्याच्यात तिखट घालायचं राहिलं काय रं?" त्यानं कट आणून दिला, तो पण काकांना गोड लागला. मावशीनं शांतपणे पर्समधनं एक प्लास्टिकची पिशवी काढली, त्यात सोलापूरची शेंगाचटणी, आणि टेबलाखालनं सगळ्यांच्या ताटात एकेक चमचा वाढला. साड्यांची यादी, कॅश त्याच पर्समध्ये आणि चटणी पण त्याच पर्समध्ये, मला त्या डाळिंबी साडीच्या बिलाची काळजी वाटत होती, ते बिल नंतर तेलकटच निघालं.

जेवून बाहेर पडलो तर तीन. पोटं तट्ट, ऊन, हातात पिशव्या, आणि यादीतलं निम्म्याहून जास्त बाकी. टॅक्सी करून शिवाजी पार्कला जाऊन जरा कट्ट्यावर बसूया असं ठरलं, आणि खरं सांगायचं तर तो दिवस तिथं वाचला.

कट्ट्यावर

आजी कट्ट्यावर झाडाखाली बसल्या आणि म्हणाल्या, "मी आता इथनं हलत नाही. तुम्हाला काय घ्यायचं ते घ्या आणि या." पिल्लू मैदानात सुटलं, तिथं पोरांचं क्रिकेट चाललेलं. काका म्हणाले मी बसतो आईजवळ, पिल्लूला पण बघतो, त्यांना ते हवंच होतं. नणंदबाईंचं डोकं आता दुखायला लागलेलं, त्या म्हणाल्या मी निघते, दादरहून गाडी पकडते. म्हणजे जी फाळणी मी ग्रुपवर आठवडाभर आधी मागत होते ती आजींच्या गुडघ्यांनी दोन मिनिटांत करून दिली. उरलो चौघी, मावशी, नवरी, वहिनी आणि मी.

काकांना मी सांगितलं की तासाभरानं ॲपवरनं गाडी करून थेट मुलुंडला घरी जा. ते म्हणाले सहा-सातशे कशाला, लोकल आहे की. तेवढ्यात मावशीनं नुसतं बघितलं. पन्नास-साठ हजाराचा बस्ता आणि आजींना शनिवारी पाच वाजता दादरच्या गर्दीत लोकलमध्ये चढवायचं, कारण सातशे रुपये जातील. हा हिशोब मला जवळपास प्रत्येक लग्नघरात दिसतो, साडीत हजार वर गेले तर चालतात आणि गाडीला शंभर जास्त गेले की रात्रभर बोलतात. काका गेले गाडीनंच.

मंगळदास

आम्ही दादरहून मेट्रो तीननं सीएसएमटी. ऑक्टोबर २०२५ ला ही लाइन कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली, आरेपासून साडेतेहतीस किलोमीटर, सगळ्यात लांबचं तिकीट ७० रुपये, आणि दादरचं स्टेशन सेना भवनाकडंच असल्यामुळे शिवाजी पार्कवरनं सोयीचं. एसी, बसायला जागा, वहिनीनं चपला काढल्या आणि सरळ झोपली. मुंबईबाहेरचं माणूस घेऊन बाजारात जायचं असेल तर ही एक मोठी सोय झालीय, कारण आधी दादर ते क्रॉफर्ड म्हणजे टॅक्सीत सिग्नल मोजत बसायचं.

सीएसएमटीहून चालत क्रॉफर्ड, म्हणजे महात्मा फुले मंडई, १८६९ ची इमारत, मावशी दारावरची दगडातली शिल्पं बघायला उभी राहिली तर मागच्या हमालानं "ओ बाजू" करून हलवलं. पलीकडं मंगळदास. छप्पर असलेला बाजार, आत अरुंद गल्ल्या, दोन्हीकडं गाळे, कापडाचे ठाण, ड्रेस मटेरियल, ब्लाऊजपीस, दुकानदार वर बैठकीवर बसलेला आणि गिऱ्हाईक समोर बाकावर. आणि एक फार महत्त्वाची गोष्ट, आत फोनला धड रेंज नाही.

सव्वा तासात यादी संपली. आतल्या आणि बाहेरच्या गल्ल्या मिळून देण्याघेण्याच्या साड्या, ब्लाऊजपीस, करवल्यांचे ड्रेस, पाहुण्यांचे टॉवेल-टोपी, सगळं. मावशी भाव करायची, नवरी बोट दाखवायची, मी यादीवर फुली मारायची, वहिनी पिशव्या मोजायची. मावशीचा भाव करायचा प्रकार बघण्यासारखा होता, दुकानदार बोलायला लागला की ती कापडाचा कोपरा दोन बोटांत चुरगाळायची, सोडायची, सुरकुती बघायची आणि काही न बोलता पुढच्या ठाणाकडं बघायची. भाव तिथंच उतरायचा. एका साडीवर नवरी म्हणाली आत्याला हा रंग आवडेल का विचारायचं का, फोन काढला, नेटवर्क नाही, आणि मावशी म्हणाली "आवडंल तिला, बांधा."

आता ही तुलना अगदी सरळ नाही हे पण खरं. लग्नाची पैठणी आणि वीस-बावीस देण्याच्या साड्या यात फरक आहे, पैठणीला वेळ लागणारच आणि लागायलाच हवा, ती एकदाच घेतली जाते. देण्याच्या साडीत कुणाचा जीव अडकलेला नसतो. पण तो फरक धरून सुद्धा सकाळी जे झालं त्यातला बराच वेळ साडी बघण्यात गेलेला नाही, कुणाला वाईट वाटू नये ह्यात गेलाय. नवरीला मोरपंखीच हवी होती हे तिनं मला संध्याकाळी सांगितलं, फालुदा खाताना, क्रॉफर्डसमोरच्या बादशाहमध्ये. सकाळी का नाही बोललीस तर म्हणाली "एवढ्या माणसांसमोर कसं बोलणार, त्यांच्याकडची बाई बसलेली."

परत येताना सीएसएमटीलाच गाडी सुरू होते म्हणून लेडीज डब्यात बसायला मिळालं, पिशव्या वर रॅकवर. भायखळ्याच्या आत शेजारच्या बाईनं विचारलंच, "बस्ता का?" मग काय, घाटकोपरपर्यंत अर्ध्या डब्यानं साड्या बघितल्या, किमती आधी स्वतः ओळखायच्या आणि मग विचारायच्या. एकीनं देण्याची साडी बघून शंभर रुपये जास्त दिलेत म्हणून सांगितलं, मावशीचा चेहरा विक्रोळी येईपर्यंत पडलेला.

कोण किती दमलं

घरी पोचलो तर आजी दोन तास झोपून उठलेल्या, चहा पिऊन बसलेल्या, दाखवा म्हणाल्या साड्या. दिवसाच्या शेवटी सगळ्यात ताज्या त्याच. काका सोफ्यावर आडवे, त्यांनी दिवसभरात चादरवाल्या पोराला छळण्यापलीकडं काही केलेलं नाही. वहिनी सगळ्यात वाईट अवस्थेत, कारण ती सकाळी पण थांबणाऱ्यांत होती आणि दुपारी पिशव्या धरणाऱ्यांत, वर पिल्लू, आणि तिच्यासाठी एक साडी घ्यायची ठरलेली ती राहूनच गेली, हे रात्री गाडीला निघताना कुणाच्या तरी लक्षात आलं. नणंदबाईंचा मेसेज, "छान झालं सगळं, डोकं अजून दुखतंय." मावशी आणि नवरी दमलेल्या होत्या पण बोलत होत्या, हसत होत्या, हिशोब करत होत्या.

मला ह्यातनं दिसतं ते असं की ज्याच्या हातात निर्णय आहे तो दमला तरी चालतो, ज्याच्या हातात नाही त्याला बाजारात नेऊच नये, किंवा न्यायचं तर त्याला त्याचं काहीतरी काम द्यावं. आजींना बस्ता बघायची हौस होती, ती घरी बसून पूर्ण झाली असती आणि शेवटी तशीच झाली. काकांना वडापाव आणि दादर हवं होतं, त्यांना सकाळीच पिल्लूला देऊन मोकळं सोडायचं. नवरीच्या साडीला नवरी, आई आणि अजून एकच माणूस, ज्याच्यासमोर नवरी "नको" म्हणू शकते असं. सासरच्या बाईला बोलवायचंच तर शेवटच्या तासाला बोलवा, तीन साड्या बाजूला काढून ठेवा, ह्यातली कुठली म्हणून विचारा, मान पण राहतो आणि दुकानदाराला कुणाकडं तोंड करून बसायचं ते पण कळतं. व्हिडिओ कॉलऐवजी दाराशी उजेडात काढलेला एक फोटो. जेवायला साडेबाराच्या आत, तेव्हा दादरच्या हॉटेलांत वहीत नाव लिहावं लागत नाही. पिशव्या पहिल्या दुकानातच बिल लावून ठेवायला सांगायच्या, बहुतेक जण संध्याकाळपर्यंत ठेवतात, फॉल-पिकोला टाकल्या तर आपोआपच राहतात. आणि भेटायला प्लॅटफॉर्मचा नंबर कधीच सांगायचा नाही, बाहेरच्या दुकानाचं नाव सांगायचं.

वहिनीच्या साडीचे पैसे मावशीनं नंतर जीपे केले, तिनं सोलापूरलाच घेतली, आणि फोटोवरनं तरी सगळ्या बस्त्यात तीच बरी वाटतेय.

डाळिंबी साडी पण राहिली नाही. नवरीनं घरी जाऊन आरशासमोर धरली, दोन दिवस काही बोलली नाही आणि मग मला फोन केला. पैसे परत मिळत नाहीत, बदलून मिळते, बिल लागतं. ते तेलकट बिल मावशीनं कुरियरनं साडीबरोबर पाठवलं आणि मी मधल्या वारी अकराला एकटी गेले. दुकान रिकामं, तोच सेल्समन, त्यानं बिलाचा वास घेतला, हसला आणि न विचारता खालच्या कप्प्यातनं मोरपंखी काढली. वरचे बाराशे रुपये भरले, पंधरा मिनिटांत बाहेर. नवरदेवाकडं अजून कुणी सांगितलेलं नाही, नणंदबाई आता लग्नातच बघतील.